हिवाळी टायरची किंमत मिलिमीटरवर मोजा

प्रश्न: आम्ही थंड प्रदेशात राहायला येऊन काही महिनेच झालेत. गरज म्हणून एक जुनी छोटी गाडी घेतली, फ्रंट-व्हील ड्राइव्ह. टायरवर २०५/५५ आर १६ असं लिहिलंय. हे उन्हाळी टायर आहेत, बर्फ पडायच्या आत बदला, असं शेजाऱ्यांनी बजावलं. किमती पाहिल्या आणि धडकीच भरली. नवरा म्हणतो, पुढचे दोनच बदलू. ओळखीतले एक गृहस्थ त्यांचा वापरलेला सेट निम्म्या किमतीत द्यायला तयार आहेत. दुकानात सगळ्यात स्वस्त टायर आहे तो कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. बारमाही टायर घ्या आणि मोकळे व्हा, असाही सल्ला मिळतो. मला रोज गाडीने कामावर जावं लागतं, येताना मुलाला पाळणाघरातून आणायचं असतं. रस्ता बराचसा शहरातला, थोडा हायवे, घराजवळ एक चांगला चढ. पैसे मोजकेच आहेत. नक्की काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्यासमोरच्या चार पर्यायांपैकी एकावर आधी फुली मारू, म्हणजे बाकीच्यांचा विचार नीट करता येईल. पुढचे दोनच टायर बदलायचा विचार सोडून द्या. तुमच्या यजमानांचं गणित मला कळतं. ताकद पुढच्या चाकांना मिळते, मग पकड तिथेच हवी. गाडी जागची हलेपर्यंत ते खरंही ठरतं, चढसुद्धा चढून जाईल. अडचण येते ती त्याच चढावरून खाली येताना. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. पुढच्या टायरांनी रस्ता धरलेला असतो, मागच्या कडक टायरांखाली काहीच नसतं. अशा वेळी गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गिरकी घेते. ती सावरायला जे कसब लागतं ते रोजच्या चालकाकडे नसतं, आणि असावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. गाडीत स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असली तरी टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच तिला वापरता येते, नवी पकड ती निर्माण करू शकत नाही. म्हणून चारही टायर एकाच प्रकारचे. पैसे वाचवायच्या जागा पुष्कळ आहेत, त्या पुढे सांगतो, पण ही त्यातली नाही.

आता मूळ शंका: एवढा खर्च खरंच लागतो का? शहरातले रस्ते तर साफ केलेले असतात. हिवाळी टायर फक्त हिमासाठी असतो, हा समज फार पसरलेला आहे. फरक आधी रबरात आहे. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या रस्त्यावर टिकावं म्हणून बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागलं की ते ताठर होत जातं. कडक झालेलं जुनं खोडरबर कागदावर नुसतं घसरतं आणि मऊ खोडरबर कागद धरतं, तसाच हा प्रकार आहे. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं ठेवतात की थंडीतही तो लवचिक राहतो. म्हणजे हिमाचा कणही नसलेल्या, नुसत्या थंड आणि ओल्या सकाळीही त्याचा उपयोग असतोच.

दुसरा फरक नखाने तपासता येतो. हिवाळी टायर जवळून बघा. मोठ्या खाचांच्या मधल्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक, नागमोडी चिरा दिसतील. त्यांना साइप म्हणतात. अंगठ्याने ठोकळा दाबला की त्या जराशा उघडतात. चाक फिरताना त्या अशाच उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड रस्त्यात रुतते. शिवाय खाचांमध्ये आणि चिरांमध्ये हिम भरून राहतं, आणि हे चांगलं असतं. हिमावर रबर जितकं धरतं त्यापेक्षा हिमावर हिम जास्त धरतं. टायरमध्ये अडकलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला पकडतं. उन्हाळी टायरच्या रुंद, सरळ खाचा पाणी बाहेर फेकायला उत्तम, पण हिम धरून ठेवायला त्यांच्यात फारसं काही नसतं.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो हे एका साध्या हिशेबातून बघा. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या दोन गाड्यांनी एकाच जागी ब्रेक दाबला असं समजा. एक ३० मीटरवर थांबते, दुसरीला ४० मीटर लागतात. ऐकायला फरक दहाच मीटरचा. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरी अजून ताशी २५ किलोमीटरने धावत असते. कारण वेगाचा मोठा भाग शेवटच्या काही मीटरमध्येच कमी होतो. पाळणाघराबाहेरच्या रस्त्यावर ताशी २५ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. टायरवर खर्च करायचा तो या शेवटच्या दहा मीटरसाठी. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांचे मालक कधी कधी म्हणतात, आम्हाला गरज नाही. त्यांची गाडी सहज निघते, हे खरं. थांबताना मात्र सगळ्यांनाच टायरच्या पकडीवर भिस्त ठेवावी लागते.

हे मान्य झालं की मग खरा विषय: पैसे. माझं म्हणणं एवढंच आहे की टायरवर चिकटवलेल्या किमतीवर जाऊ नका. तुमच्या कामाचे किती मिलिमीटर मिळताहेत आणि ते किती हिवाळे पुरतील, त्यावर किंमत काढा. नव्या हिवाळी टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात, काहींच्या थोड्या जास्त. अनेक देशांत कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, पण हिमावर टायरचा जोर त्याच्या बराच आधी संपतो. ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर हिवाळी म्हणून धरू नये, असा जाणकारांचा सर्वसाधारण सल्ला आहे. ऑस्ट्रियात तर कायद्यानेच ४ मिलिमीटर लागतात, स्वीडन आणि फिनलंडमध्ये ३. तेव्हा ८ मधले तुमच्या उपयोगाचे वरचे ४. पैसे त्या चारांचे.

आता ओळखीच्या गृहस्थांचा निम्म्या किमतीतला सेट याच मापाने मोजा. खाचा ५ मिलिमीटर उरल्या असतील तर तुम्हाला मिळणार १ मिलिमीटर. निम्मी किंमत देऊन पाव माल, म्हणजे प्रत्येक मिलिमीटर नव्याच्या दुप्पट भावाने पडला. ६ उरले असतील तर हिशेब बरोबरीत सुटतो, पण टायर जुने आणि बसवण्याचा खर्च तेवढाच, म्हणजे तोटाच. ७ असतील तर मात्र सौदा खरोखर चांगला. हे सगळं निम्म्या किमतीला लागू आहे. ते गृहस्थ पाव किमतीत द्यायला तयार झाले, तर आकडे बदलतील, पुन्हा मांडून बघा.

तर तो सेट बघायला जाताना खोली मोजायचा गेज घेऊन जा, तो अगदी स्वस्तात मिळतो. एकाच जागी मोजू नका. प्रत्येक टायर आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला मोजा. आतली कड जास्त घासलेली असेल तर त्यांच्या गाडीचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं, आणि असा टायर तुमच्या गाडीला लावला तरी त्याची झीज भरून निघणार नाही. मधलाच पट्टा घासलेला असेल तर हवा कायम जास्त भरली जात होती, दोन्ही कडा घासल्या असतील तर कमी. बऱ्याच हिवाळी टायरांत ४ मिलिमीटरची खूण करणारी रबराची उंचवट्याची पट्टी खाचेत असते, कायदेशीर मर्यादेच्या पट्टीपेक्षा उंच. ठोकळे तिच्या पातळीला आले असतील तर पुढे बोलायचं कारण नाही. आणखी एक: साइपच्या चिरा बघा. काही टायरांत त्या खाचांइतक्या खोल कापलेल्या नसतात. टायर वरून चांगला जाड दिसतो, पण चिरा पुसट झालेल्या असतात.

मग वय. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणारा एक संकेत असतो. त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. ३५२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनला. हे आकडे कधी कधी एकाच बाजूवर असतात आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. तेव्हा वाकून, टॉर्च मारून बघा, लाजू नका. रबर पडून असलं तरी म्हातारं होतं, थंडीतली लवचीकता कमी होत जाते. वापरलेला हिवाळी टायर पाच-सहा वर्षांपलीकडचा असेल तर खाचा कितीही खोल असोत, मी तो घेऊ नका असंच सांगेन. बाजूच्या भिंतीवरून तळहात फिरवा. कुठे फुगवटा लागला तर आतले धागे तुटलेले असतात, तो टायर फुकटही नको. ठोकळ्यांच्या मुळाशी बारीक तडे, आतून लावलेली ठिगळं, चार टायरांवर चार वेगळी सालं, हे सगळं बघून घ्या. टायर रिमवर चढवलेले असतील तर आतली बाजू दिसत नाही, अशा वेळी काही दुरुस्ती झाली होती का, हे सरळ विचारा. ओळखीचे आहेत म्हणून संकोच करू नका. हे सगळं त्यांच्यासमोर तपासलं तर नंतर मनात किल्मिष राहत नाही.

आता त्या नाव न ऐकलेल्या कंपनीकडे वळू. नाव माहीत नाही एवढ्यावरून टायर वाईट ठरत नाही, आणि महागडं नाव आहे म्हणून तुमच्या कामाचा ठरत नाही. पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्या मधे एक थर आहे, तिथे तुमच्यासारख्यांनी आधी बघावं. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचेच दुय्यम ब्रँड असतात. कॉन्टिनेंटलचे सेम्पेरिट आणि बारुम, मिशेलिनचा क्लेबर, गुडइयरचे फुल्डा आणि सावा, ब्रिजस्टोनचा फायरस्टोन, हँकूकचा लाउफेन, नोकियनचा नॉर्डमन. नोकियन ही फिनलंडमधली कंपनी, १९३४ साली जगातला पहिला हिवाळी टायर बनवणारी म्हणून ओळखली जाते. या दुय्यम ब्रँडांमध्ये बहुधा सगळ्यात नवं मिश्रण वापरलेलं नसतं, पण आधीच्या पिढीतलं चांगलं तंत्र असतं आणि किंमत बरीच खाली येते. सगळे ब्रँड सगळ्या देशांत मिळत नाहीत. तुमच्याकडे यातले कोणते आहेत ते दुकानात विचारा.

नाव काहीही असो, टायरवर एक चिन्ह असलंच पाहिजे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची पाकळी. हे चिन्ह ठरावीक हिमचाचणीत प्रमाण टायरपेक्षा सरस ठरल्याशिवाय लावता येत नाही. शेजारी एम+एस अशी अक्षरंही दिसतील. त्यांचा अर्थ चिखल आणि हिम, पण ती लावायला अशी चाचणी लागत नाही, निर्माता स्वतःच लावू शकतो. नुसती एम+एस अक्षरं दाखवून कुणी हिवाळी टायर म्हणत असेल तर नको म्हणा. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यावर डोंगराच्या चिन्हाचाच टायर कायद्याने चालतो.

पण डोंगराचं चिन्ह म्हणजे किमान पात्रता. ओल्या रस्त्यावर तो टायर कसा थांबतो, हे त्यावरून कळत नाही, आणि माझ्या मते अगदी स्वस्त टायरांची खरी उणीव बहुतेक वेळा तिथेच निघते. हिमावर ते निभावून नेतात, पण थंड पावसात थांबायला लांब जातात. तुमचा रस्ता शहरातला आणि हायवेचा. तिथे हिवाळ्यातले बरेच दिवस रस्ता ओला आणि थंडच असणार, पांढरा कमी. म्हणून तुमच्यासाठी ओल्या रस्त्यावरची पकड ही पहिली कसोटी. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टायरला लेबल असतं, मे २०२१ पासून ते नव्या रूपात आहे. त्यात ढगातून पाऊस पडतानाच्या चित्राखाली ए ते ई अशी श्रेणी असते. सी किंवा त्याहून वरची बघा. त्याच लेबलवर हिमाचं चिन्ह असतं, आणि कडक बर्फावर चाचणी झालेल्या टायरांवर वेगळं बर्फाचं चिन्हही असतं.

हे दुसरं चिन्ह दिसलं की टायर आणखी चांगला, असं मात्र धरून चालू नका. हिवाळी टायरांचे दोन स्वभाव आहेत. एक उत्तर युरोपातल्या दीर्घ गोठणीसाठी, फार मऊ रबराचा, कडक बर्फावर उत्तम, पण ओल्या डांबरावर आणि हायवेच्या वेगात थोडा ढिला. दुसरा मध्य युरोपातल्या हिवाळ्यासाठी, जिथे पाऊस, चिखलट हिम आणि मधूनच पांढरा दिवस असा खेळ चालतो. तुम्ही कोणत्या देशात आहात ते लिहिलेलं नाही. हिवाळाभर पारा शून्याच्या बराच खाली असेल आणि रस्त्यावर महिनोन्महिने बर्फाचा थर राहत असेल तर पहिला घ्या. पारा शून्याच्या आसपास वर-खाली होत असेल तर दुसरा. शून्याच्या आसपासचा बर्फ सगळ्यात निसरडा असतो, उणे वीसमधल्या बर्फापेक्षाही. त्यामुळे सौम्य हिवाळा म्हणून निष्काळजी राहू नका. खिळ्यांचे टायर नॉर्डिक देशांत चालतात, जर्मनीसारख्या काही देशांत जवळजवळ बंदच आहेत. तुमच्या रोजच्या मार्गावर त्यांची गरजही वाटत नाही.

निवड दोन-तीन नावांवर आली की त्यांच्या चाचण्या वाचा. जर्मनीतला एडीएसी आणि स्वित्झर्लंडमधला टीसीएस हे वाहनचालकांचे संघ हिवाळी टायरांच्या चाचण्या घेऊन निकाल जाहीर करतात. एकूण गुण बघून थांबू नका, ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचा रकाना आणि झिजेचा रकाना बघा. झिजेचा रकाना तुमच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. २० टक्के स्वस्त टायर निम्म्या अंतरात झिजत असेल तर तो स्वस्त कुठे राहिला?

आता जिथे खरोखर पैसे वाचतात ते सांगतो, आणि दुकानदार स्वतःहून हे क्वचितच सांगतो. टायरचा आकार. तुमच्या २०५/५५ आर १६ ऐवजी त्याच गाडीला बऱ्याचदा १९५/६५ आर १५ चालतो (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). पहिल्या चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६३४.५. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे वेगमापकात म्हणण्यासारखा बदल होत नाही. १५ इंची टायर सहसा स्वस्त असतो, स्टीलची रिमही स्वस्त मिळते, आणि थोडा अरुंद टायर चिखलट हिम कापून खाली रस्त्यापर्यंत जास्त चांगला पोचतो. स्वस्तही आणि हिवाळ्यासाठी बराही, असा योग क्वचित जुळतो. मात्र १५ इंची रिम तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये. गाडीला कोणते आकार मान्य आहेत हे मॅन्युअलमध्ये, गाडीच्या कागदपत्रांत किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर सापडेल. तिथे १५ इंच दिसला तरच पुढे जा. आकाराच्या पुढचा आकडाही जुळवा. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो भार पेलतो, त्याखाली जाऊ नका. शेवटचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०. अनेक युरोपीय देशांत हिवाळी टायर कमी वेगश्रेणीचा चालतो, फक्त चालकाला दिसेल असं स्टिकर लावावं लागतं. टी श्रेणीचा टायर एचपेक्षा स्वस्त मिळत असेल तर बिनदिक्कत घ्या.

रिमचा वेगळा सेट हा आधी खर्च वाटतो. पण एकाच रिमवर दर हिवाळ्याला टायर उतरवायचे, दुसरे चढवायचे, बॅलन्सिंग करायचं, आणि वसंतात पुन्हा तेच. हा खर्च वर्षातून दोनदा, दरवर्षी. हिवाळी टायर त्यांच्या स्वतःच्या स्टीलच्या रिमवर कायमचे बसवले की फक्त चाकं बदलायची, ते घरीही जमतं. स्टीलच्या रिम वापरलेल्या घ्यायला हरकत नाही, वाकलेल्या आणि खोल गंजलेल्या नकोत. बोल्टच्या भोकांची संख्या आणि वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट (म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते त्याचं माप), हे तिन्ही तुमच्या गाडीशी जुळायला हवेत. स्टीलच्या रिमला बोल्टही वेगळे लागू शकतात, ते विक्रेत्याकडून नक्की करून घ्या. गाडीच्या चाकांत हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर नव्या रिमसाठी आणखी चार घ्यावे लागतात. काही गाड्या दाब चाकाच्या फिरण्यावरून ओळखतात, त्यांना सेन्सर लागत नाही. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधीच विचारून ठेवा, नाहीतर वाचवलेले पैसे तिथे जातील.

बारमाही टायर हा पर्याय मी उडवून लावणार नाही. डोंगराचं चिन्ह असलेला चांगला बारमाही टायर सौम्य हिवाळ्यात, शहरात, कमी वापराच्या गाडीला पुरेसा असतो. दुसरा सेट नको, रिम नको, साठवायला जागा नको. पण तो वर्षभर झिजतो, आणि हिमावरची ताकद गेली की वर्षाच्या मधेच सगळे बदलावे लागतात. दोन सेट असले की एक झिजत असताना दुसरा विश्रांती घेतो, त्यामुळे दोन सेटचा खर्च दिसतो तेवढा दुप्पट नसतो. तुमचा रोजचा प्रवास आहे, हायवे आहे, आणि घराजवळ तो चढ आहे. तुमच्याकडे दरवर्षी हिम टिकत असेल तर चार हिवाळी टायरच घ्या. वर्षातून दोन-चार दिवसच पांढरे असतील आणि त्या दिवशी बसने जाता येत असेल, तर बारमाही घ्या आणि उरलेले पैसे दुसरीकडे वापरा.

खरेदी कधी, याचाही किमतीवर परिणाम होतो. पहिला हिमवर्षाव झाला की सगळे दुकानाकडे धावतात. त्या आठवड्यात हवा तो आकार मिळत नाही, मिळाला तर पडेल त्या भावाने घ्यावा लागतो आणि बसवायला रांग लागते. ऑक्टोबरच्या आधीच किमती बघून ठेवा. दुकानात नीट ठेवलेला, एक-दोन वर्षांपूर्वी बनलेला न वापरलेला टायर सूट देऊन विकत असतील तर तो घ्यायला काहीच हरकत नाही, डॉटचे चार आकडे बघून घ्या आणि त्याच जोरावर घासाघीस करा. कायद्याच्या तारखाही बघा. ऑस्ट्रियात हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायरची सक्ती १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च. तुमच्या देशाचा नियम वाहतूक खात्याकडून विचारून घ्या, कारण अपघात झाला तर विमा कंपनीही टायर बघू शकते.

बसवून घेताना टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा, उलटा बसलेला टायर ओल्या रस्त्यावर आणि हिमावर कमी पकड देतो. नवे टायर पहिले काहीशे किलोमीटर जरा जपून चालवा, पृष्ठभागावरचा कारखान्यातला लेप जायला तेवढं लागतं. चाकं बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या. हवेचा दाब टायर थंड असतानाच बघा, आणि पारा उतरला की पुन्हा बघा. दर दहा अंशांच्या उतारामागे दाब सुमारे ०.१ बार कमी होतो, म्हणजे उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे दहात कमी पडते. वसंतात उतरवताना प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहून ठेवा, पुढचा डावा, मागचा उजवा असं. रिमसकट असतील तर एकावर एक रचा, नुसते असतील तर उभे ठेवा आणि अधूनमधून फिरवा. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागेत ठेवा, तेलाच्या डब्यांपासून आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रांपासून दूर. उन्हाळ्यात कंटाळा करून हिवाळी टायरवरच गाडी पळवू नका. तापलेल्या डांबरावर मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेकचं अंतरही वाढतं.